मी मागितलेला अंधार

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, पण तुमच्या घरी भिंतीला टांगलेला असतो तसला नव्हे. मी दोन तुकड्यांचा आहे. एक तुकडा म्हणजे गुडघ्याएवढी उंच, लाकडी, जडशीळ पेटी. तिच्या तोंडाशी तीन मोठी भिंगं ओळीने बसवलेली. दुसरा तुकडा म्हणजे माणसाहून उंच, किंचित आत वाकलेला चंदेरी पडदा. पडदा भिंतीशी उभा करायचा आणि पेटी खोलीच्या मधोमध ठेवायची. पेटीच्या पोटात तीन नळ्या होत्या. एक नळी लाल चित्र फेकायची, दुसरी हिरवं, तिसरी निळं. तिन्ही चित्रं पडद्यावर बरोबर एकावर एक बसली की माणसं खऱ्या रंगात दिसू लागत. त्यातलं एखादं केसभर जरी सरकलं, तरी नाकाला लाल कड येई आणि कानाला निळी.

सध्या मी टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानामागे, गोदामात, ताडपत्रीखाली पडून आहे. माझी निळी नळी गेली आहे, आणि हिरवी असून नसल्यासारखी आहे. माझ्या पेटीवर जुने पंखे रचून ठेवले आहेत. माझी काही तक्रार नाही. ज्यांच्या हातून मी इथे आलो, ते दुकानदार म्हाताऱ्या यंत्रांना भंगारात देत नाहीत, हेच पुष्कळ झालं. सगळे त्यांना 'टीव्हीवाले काका' म्हणतात.

माझ्या घराण्याची माहिती मला त्यांच्याच तोंडून कळली. माझी भिंगं पुसताना ते स्वतःशी बोलावं तसं बोलत. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, जेव्हा साध्या टीव्हीची काच जेमतेम पाटीएवढी असे, तेव्हा कोणाच्या तरी मनात आलं की चित्र लहान आहे तर ते भिंगातून मोठं करावं. मग मुठीएवढी नळी करून तिच्यात भयंकर दाबाची वीज सोडत, आणि तिचं चित्र आरशावर आणि आरशावरून पडद्यावर पाडत. चित्र खिडकीएवढं मोठं व्हायचं खरं, पण राखेसारखं फिकं. नळ्या बिचाऱ्या जिवाच्या आकांताने जळत आणि लवकर विझत. पुढे साध्या टीव्हीच्याच काचा मोठ्या निघू लागल्या आणि माझे ते पूर्वज माळ्यावर गेले. बऱ्याच वर्षांनी पुन्हा कोणाला तरी मोठ्या चित्राची हौस आली. या खेपेला त्यांनी एका नळीच्या जागी तीन घातल्या. ती माझी पिढी.

पण एक खोड आमच्या रक्तातच होती. आम्हाला अंधार लागायचा. खोलीत कुठूनही उजेड आला की आमचं चित्र धुतल्यासारखं पांढरं पडे.

कारखान्यात माझी भिंगं जुळवली ती काळ्या रंगाने रंगवलेल्या खोलीत. तिथे एक बाई दिवसभर बसून पडद्यावरच्या रेघा एकमेकींवर आणायच्या. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडल्या की डोळ्यांवर हात धरून उभ्या राहायच्या. माझं काम संपवताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "लोक चार खिडक्या काढून घर बांधतात, आणि मग हे यंत्र आणून त्या बंद करून बसतात." दोघी हसल्या. मीही तो विनोदच समजलो.

मला विकत घेतलं ते एका छापखान्याच्या मालकांनी. त्यांचा छापखाना रंगीत कामासाठी नावाजलेला होता. तिथेही रंग एकावर एक छापत, त्यामुळे दुकानात मला पाहताच त्यांना मी जवळचा नातेवाईक वाटलो असेन. पण मला घरी आणण्याचं खरं कारण वेगळं होतं.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती, म्हणून वडिलांनी तिचं नाव ठेवलं टिंबू. प्रुफावर, म्हणजे तपासायच्या कच्च्या छपाईवर, शाईचं टिंब पडतं ना, तसं. टिंबू हुशार होती. पण अलीकडे वाचता वाचता तिची ओळ हरवे. पायाशी पडलेला चेंडू तिला सापडत नसे. संध्याकाळ झाली की ती दाराच्या चौकटीवर आपटे. घरी येणारेजाणारे तिला वेंधळी म्हणत. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, अशी बाईंची चिठ्ठीही शाळेतून आली होती. चष्मा झाला, पण फरक पडला नाही.

मला आणलं त्या दिवशी तिची आई म्हणाली, "अहो, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू या ना."

"दाखवलं की. चष्मा दिलाय," वडील म्हणाले. "अगं, लांबून दिसायला हवं असेल तर अक्षर मोठं करायचं. जाहिराती छापताना आम्ही दुसरं काय करतो? हिला आता माणसाएवढी माणसं दिसतील."

आई पुढे काही बोलली नाही. ती का बोलली नाही, हे मला वर्षभराने कळलं.

टीव्हीवाले काका येऊन मला बसवून गेले. पेटी खोलीच्या मधोमध आली, स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर. खिडक्यांना दुहेरी पडदे लागले. चुकून कोणी बटण दाबून चित्र घालवू नये म्हणून वडिलांनी खोलीतला बल्ब काढून कपाटात ठेवला. माझा पडदा तर फार नाजूक. त्याला बोट लागलं की डाग कायमचा. म्हणून पडद्यावर मऊ कापडाची खोळ आली, आणि घरातल्या सगळ्यांना त्याच्यापासून दोन हात लांबून जायची शिस्त लागली.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. शेजारपाजारचे लोक येत, छापखान्यातले कामगार येत. मी सुरू झालो की खोलीभर "अबब" असा आवाज उठे. दर रविवारी सकाळी वडील पडदे ओढून माझ्यासमोर बसत आणि बारीक खुंट्या फिरवून रंग जुळवत. त्यांच्या डोळ्याला केसाचा फरकही खपत नसे. जुळवून झालं की ते माझ्या पेटीवर थाप मारून म्हणत, "आता कसं." इतकं कौतुक तोवर माझं कोणी केलं नव्हतं.

टिंबूला ते नेहमी अगदी मध्यभागी बसवत, कारण बाजूने पाहिलं तर माझं चित्र काळवंडे. आई तिच्या शेजारी बसे. पडद्यावरून परतणारा उजेड तिघांच्याही तोंडावर पडे. वडील दर थोड्या वेळाने विचारत, "दिसतंय ना?"

"दिसतंय, बाबा."

"त्या माणसाचा कोट कुठल्या रंगाचा?"

"लाल."

वडिलांचा चेहरा खुले. पहिल्या महिन्यात मीही खूश होतो. मग एकदा माझी नजर खाली गेली. टिंबूचा हात आईच्या हातात होता. आईने तो एकदा दाबला की टिंबू लाल म्हणे, दोनदा दाबला की हिरवा, तीनदा दाबला की निळा. कधी कोट भलत्याच रंगाचा निघाला तर आई आपणच मोठ्याने म्हणे, "बाई बाई, केवढा पिवळाधमक घातलाय मेल्याने." मग टिंबू हसे आणि वडीलही हसत.

त्या पोरीला माझं चित्र धड दिसतच नव्हतं.

पूर्ण आंधळी नव्हती ती. भर दुपारी छापखान्याच्या अंगणात उभी राहून ती प्रुफातली काना-मात्रेची चूक पकडे. म्हणून तर वडिलांना शंका येत नसे. पण उजेड कमी झाला की तिच्यापुढचं सगळं विझे. आणि उजेडातही तिला नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं, थोडंसंच दिसे. माझ्या पडद्यावर माणसाचं डोकं एवढं मोठं यायचं की तिला फार तर त्यातला एखादा कान किंवा कोटाचं एखादं बटण अंधुकसं दिसायचं, रंग कळायचा नाही. बाकीची गोष्ट ती आवाजावरून जुळवायची.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहत. त्यांच्या मशीनशेजारी जेवणाच्या डब्याएवढा एक काळापांढरा टीव्ही होता, आणि सुईत दोरा ओवायला सोपं जावं म्हणून त्यांच्या खोलीत लख्ख दिवा असे. टिंबू शाळेतून आली की हळूच तिकडे जाऊन बसू लागली. एक दिवस वडिलांना ते समजलं. रागावण्यापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटलं.

"सगळी आळी हा पडदा बघायला येते, आणि माझी मुलगी दुसऱ्याच्या घरी ते डबडं बघते. का गं?"

"तिथं सगळं मावतं, बाबा."

"मावतं म्हणजे?"

टिंबू सांगायला तोंड उघडणार एवढ्यात आईने तिला आत हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून मावशींकडे जाणं बंद झालं.

असं करता करता वर्ष होत आलं. मग माझे रंग खुंट्यांनी जुळेनासे झाले, आणि वडिलांनी टीव्हीवाल्या काकांना बोलावलं. काका आले तेव्हा वडील छापखान्यात होते. काकांनी पडद्यावर चौकटींची जाळी पाडली. सगळ्या रेघा पांढऱ्या हव्या होत्या, पण डाव्या कोपऱ्यात लाल रेघ वेगळी पडली होती. पेटीशी ओणवं बसून त्यांना तो कोपरा नीट दिसेना, म्हणून ते म्हणाले, "बाळ, जरा पडद्याजवळ उभी राहा. ती लाल रेघ पांढरीवर बसली की मला सांग."

टिंबू उभी राहिली. काकांनी अजून खुंटीला हातही लावला नव्हता, तोच ती म्हणाली, "बसली."

काकांनी वर पाहिलं. रेघ दोन बोटं लांब होती. ते उठले, टिंबूच्या शेजारी गेले आणि तिच्या कानाच्या रेषेत हात हलवू लागले. ती समोर पाहत होती. हात हळूहळू पुढे येत येत जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ती दचकली.

काकांनी खिडकीचा पडदा सारला आणि टिंबूला गोष्टीचं पुस्तक वाचायला अंगणात पाठवलं. मग ते आईला म्हणाले, "वहिनी, मी काही डॉक्टर नाही. पण या पोरीला अंधारात दिसत नाही, आणि बाजूचंही दिसत नाही."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

ती खाली बसली. मग तिने जे सांगितलं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या पाठच्या भावाचंही असंच झालं होतं. आधी संध्याकाळी अडखळायचा. मग बाजूचं गेलं. विशीत सगळंच गेलं. तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी त्या भावाला दूरच्या नातेवाइकांकडे ठेवलं आणि तिला शपथ घातली की सासरी हे कळता कामा नये.

"यांना काय सांगू? कसं सांगू? यांनी किती हौसेने हे आणलंय तुम्ही बघताय ना," ती म्हणाली. "वाटतं, आणखी थोडे दिवस चालतंय तसं चालू दे."

"वहिनी, चालतंय कुठे? तुम्ही तिचा हात धरून चालवताय," काका म्हणाले.

ते दुपारभर थांबले. वडील आल्यावर त्यांनी सगळं सरळ सांगितलं. फक्त भावाची गोष्ट सांगितली नाही. ती सांगणं आईचं काम, असं त्यांना वाटलं असावं. वडिलांचा चेहरा बदलत गेला.

"तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर कधीपासून झालात?"

"साहेब, मी हात हलवून पाहिलं."

"काल तिने मला प्रुफातला अनुस्वार काढून दाखवला. अनुस्वार. माझ्या कामगारांना दिसला नाही तो. आणि तुम्ही मला सांगता तिला दिसत नाही?"

"उन्हात दिसतं, साहेब. निदान खोलीत एक दिवा तरी—"

"तुमचं काम रंग जुळवायचं. झालं असेल तर या आता."

काकांनी हत्यारं पिशवीत भरली. जाताना त्यांनी आईकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती बोलेल अशी मलाही आशा होती. ती बोलली नाही.

पण वडिलांच्या मनात किडा शिरला होता. रागावतो तो माणूस बऱ्याचदा घाबरलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. पुढचे आठ दिवस ते टिंबूला सतत विचारू लागले. हे काय, ते कुठलं, तो कोण. आईचा हात दमून गेला असेल.

मग ती संध्याकाळ आली. आई स्वयंपाकघरात होती आणि उजेड येऊ नये म्हणून तिथलं दार लावलेलं होतं. टिंबू एकटीच मध्यभागी बसली होती. पडद्यावर कोणी बाई छत्री घेऊन चालली होती.

"छत्री कुठल्या रंगाची?" वडिलांनी विचारलं.

टिंबूचा हात मांडीवर उताणा पडला होता. तो दाबायला कोणी नव्हतं.

"टिंबू, छत्री कुठल्या रंगाची?"

"थांबा हं बाबा," ती म्हणाली, "आईला बोलावते."

आणि ती उठून स्वयंपाकघराच्या दिशेने पळाली.

मी मध्ये होतो, मित्रांनो. चार पावलांच्या त्या वाटेत मीच होतो. माझ्या पेटीची कड तिच्या गुडघ्यांना लागली, ती पुढे फेकली गेली आणि तिचं कपाळ माझ्या कोपऱ्यावर आपटलं. त्या धक्क्याने मी हललो. पडद्यावर त्या बाईच्या तीन बाया झाल्या, एक लाल, एक हिरवी, एक निळी.

वडील ओरडले, "अगं, सांभाळून! रंग सरकले सगळे."

हे त्यांचे पहिले शब्द होते. वडील माणूस म्हणून वाईट नव्हते. मी त्या घरात दीड वर्ष होतो आणि त्यांच्याइतकं मुलीवर जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पहिले शब्द हे निघाले, आणि ते परत घेता येत नाहीत.

टिंबू रडली नाही, म्हणून मग ते घाबरले. अंधारात चाचपडत बटणापर्यंत गेले, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बल्ब कपाटात होता. शेवटी त्यांनी तिला उचलून माझ्या भिंगांसमोर धरलं. माझ्या त्या फुटलेल्या रंगांच्या उजेडात ते तिचं कपाळ पाहू लागले. लाल उजेडात रक्त दिसत नाही आणि निळ्यात ते काळं दिसतं. जखम कुठे आहे आणि सावली कुठे, हे रंगांत अख्खी हयात घालवलेल्या त्या माणसाला कळेना. स्वयंपाकघराचं दार उघडून आई आली तेव्हा कुठे उजेड आत आला.

भुवईच्या वर सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि जे वर्षभर टळत आलं होतं ते तासाभरात झालं.

हे मला कळलं ते दोघं घरी आल्यावर. टिंबू आत झोपली होती. वडील खिडकीशी उभे होते, आई माझ्या पेटीच्या कडेवर बसली होती. तोवर माझ्यावर कोणाला बसू देत नसत.

"तुझ्या भावाचं मला का नाही सांगितलंस?"

"माझ्या बाबांनी शपथ घातली होती. आणि पुढे... पुढे धीर झाला नाही."

"म्हणजे हे तुमच्या घरातून आलं."

आईचा आवाज अगदी शांत होता. "डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत. एकाच घरातून आलं असतं तर तिला झालंच नसतं. दोन्हीकडून मिळावं लागतं. तुमच्याकडे कोणाला झालं नाही म्हणून दिसलं नाही, एवढंच."

वडील खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "औषध नाही म्हणाले."

"नाही. पण वर्षापूर्वी आणायला हवं होतं, हेही म्हणाले. तेव्हा तिला ताटाएवढं दिसत असेल, आता वाटीएवढं दिसतंय. अजून दिसतंय तोवर बोटांनी वाचायला शिकायचं, काठी धरून चालायला शिकायचं, म्हणजे पुढे जड जात नाही. ते वर्ष गेलं." ती थांबली. "ते वर्ष मी तिचा हात दाबण्यात घालवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी स्टुलावर चढून खिडक्यांचे दुहेरी पडदे काढले आणि बल्ब जागेवर लावला. खोलीत इतका उजेड आला की माझी धूळ मलाच दिसली. त्यानंतर मला कोणी सुरू केलं नाही.

आता वडील छापखान्यातून रोज दुपारी घरी येऊ लागले. येताना रंगीत कागदांची गुंडाळी आणत आणि खिडकीशी, उन्हात, टिंबूला एकेक कागद दाखवत. हा शेंदरी, हा मोरपिशी, हा जांभळा. ती नाकाशी धरून पाही आणि नावं पाठ करी. जणू परगावी जाताना सामान भरत होती. तसाच एक कागद हातात असताना एकदा वडिलांनी विचारलं,

"टिंबू, तू खोटं का बोलायचीस गं? दिसत नव्हतं तर दिसतंय का म्हणायचीस?"

टिंबूने कागद खाली ठेवला. तिला विचार करावा लागला नाही. हे उत्तर तिच्याकडे कधीचं तयार होतं.

"तुम्ही 'दिसतंय ना?' असं विचारायचात, बाबा. त्यातला 'ना' ऐकला की मला नाही म्हणता यायचं नाही. 'काय दिसतंय?' असं विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

वडिलांच्या हातातली गुंडाळी सुटून जमिनीवर पसरली. ती गोळा करायला टिंबू खाली बसली आणि फरशीवर हात फिरवत एकेक कागद शोधू लागली. कागद तिच्या दोन्ही बाजूंना पडले होते. तिला ते दिसत नव्हते.

काही महिन्यांनी आई टिंबूला घेऊन दुसऱ्या गावी गेली. तिथे अंध मुलांची शाळा होती. वडिलांना छापखाना सोडून जाता येईना. ते त्या लख्ख खोलीत एकटे राहू लागले. माझ्या पेटीवर आता कागद, किल्ल्या, कधी चहाचा कप असे. एकदा चहा सांडून माझ्या आत गेला. त्यांनी पुसला नाही.

शेवटी त्यांनी टीव्हीवाल्या काकांना निरोप धाडला. भांडणानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. वडिलांनी काकांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"तुम्ही सांगितलं होतंत," ते म्हणाले.

"साहेब, जाऊ द्या."

"जात नाही ते." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हा घेऊन जा. पण विकू नका. कोणाच्याही घरी लावू नका."

काकांनी शब्द पाळला. म्हणून मी इथे आहे.

अधूनमधून काकांना आईचं पत्र येतं, आणि ते दुकानातल्या गिऱ्हाइकाला त्यातलं सांगत असतात ते माझ्या कानावर पडतं. टिंबू सोळाव्या वर्षीच पूर्ण आंधळी झाली, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या खूप आधी. बोटांनी वाचायला शिकली, पण उशिरा सुरुवात झाल्याने इतर मुलांच्या मागे राहिली आणि दोनदा नापास झाली. सुट्टीत घरी आली की वडील तिला छापखान्यात नेतात. रंगीत कामं त्यांनी सोडून दिली आहेत. आता फक्त काळ्या शाईची छापतात.

माझा दोष किती, याचा मी इथे पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला. मी तिचे डोळे घेतले नाहीत. ते जाणारच होते. पण तिच्याकडे उजेडाची मोजकीच वर्षं होती, आणि त्यातलं एक मी तिला अंधारात बसवून खाल्लं. मी मागितलं, त्यांनी दिलं. यंत्राने मागितलं की माणसं देतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मी तसं सांगणार नाही. मला फार जपलं गेलं. माझ्या भिंगांना रोज मऊ फडकं लागे. माझ्या पडद्याला बोट लागू नये म्हणून घरातलं प्रत्येक माणूस दोन हात लांबून चाले. माझा रंग केसभर सरकला तर त्याच दिवशी माणूस बोलावला जाई. तेवढ्या बारकाईने त्या घरात कोणी एकदा तरी त्या मुलीकडे पाहिलं असतं, तर आज मला सांगायला काहीच उरलं नसतं.